गिऱ्हाइकाला दिलेली भेट खर्ची पडते का? नाशिकच्या छोट्या व्यावसायिकांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीच्या आधी भांडी बाजारात स्टीलच्या डब्यांची, छापखान्यांत कॅलेंडरांची आणि मिठाईवाल्यांकडे बॉक्सांची मागणी वाढते. गिऱ्हाईक धरून ठेवायचे तर काहीतरी हातात द्यावे लागते, हे मेनरोडच्या दुकानदाराला कोणी शिकवायला नको. मार्चअखेर हीच बिले सीएच्या टेबलावर येतात तेव्हा मात्र वस्तू कोणाला दिल्या आणि कशासाठी दिल्या, हे कुठेच लिहिलेले नसते. कायद्याने मिळणारी वजावट अशा वेळी निव्वळ नोंद नाही म्हणून सोडून द्यावी लागते. घामाच्या पैशातून केलेला खर्च असा वाया जाताना पाहून वाईट वाटते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

फुकट वाटलेल्या वस्तूंचा खर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो का?

होतो. आयकर अधिनियम १९६१ चे कलम ३७(१) सांगते की जो खर्च भांडवली (यंत्र, फर्निचर अशा टिकाऊ मालमत्तेवरचा) नाही, मालकाचा खासगी नाही आणि पूर्णपणे धंद्यासाठीच केलेला आहे, तो वजा करता येतो. कॅलेंडर, डायरी, कापडी पिशवी, पेन, पाण्याची बाटली, चवीपुरता दिलेला नमुना हे सगळे यात बसते.

‘हा खर्च गरजेचा होता का’ असे कायदा विचारत नाही. ससून जे. डेव्हिड या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली स्पष्ट केले की खर्च धंद्यासाठी केलेला असला म्हणजे पुरे, तो अपरिहार्य असण्याची अट नाही. पिशव्या न वाटता दुकान चालले असते, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. किती आणि कशावर खर्च करायचा हे व्यापारी ठरवतो. अधिकारी दोन गोष्टी तपासतो: वस्तू खरोखर दिली का, आणि ती धंद्यासाठी दिली का.

वस्तूवर दुकानाचे नाव छापलेलेच हवे का?

कायद्यात तशी अट नाही. पण नाव छापलेली पिशवी स्वतःच साक्ष देते. बिनछापाचा स्टीलचा डबा तुमच्या स्वयंपाकघरातही असू शकतो, त्यामुळे तिथे पुरावा तुम्हाला उभा करावा लागतो. नाव छापायला जो थोडा जास्त खर्च येतो, तो जाहिरातीइतकाच पुराव्यासाठीही कामी येतो.

दहा हजारांच्या वस्तू वाटल्या तर दहा हजार कर वाचतो का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. खर्चाने तुमचा नफा कमी होतो आणि कर त्या कमी झालेल्या नफ्यावर मोजला जातो. तुमचे वरचे उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर १०,००० रुपयांच्या खर्चाने २,००० रुपये कर आणि त्यावरचा ४ टक्के उपकर, म्हणजे २,०८० रुपये वाचतात. उरलेले ७,९२० रुपये तुमच्याच खिशातून गेलेले असतात.

आणखी एक गोष्ट. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला कलम ८७ए ची सवलत मिळून कर शून्य होतो. तुमचे उत्पन्न आधीच त्याच्या आत असेल, तर भेटवस्तूंच्या खर्चाने आयकरात एक रुपयाही वाचत नाही. ‘मार्च आहे, काहीतरी खरेदी करून टाका’ असा सल्ला कोणी दिला तर आधी आपले उत्पन्न कोणत्या टप्प्यात येते ते पाहा. भेट द्यायची ती गिऱ्हाइकासाठी द्यावी, करासाठी नव्हे.

नवी करप्रणाली घेतली तर हा खर्च बंद होतो का?

नाही. धंद्याचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो. नव्या प्रणालीत ८०सी (बचत-गुंतवणूक) किंवा ८०जी (देणगी) सारख्या वजावटी मिळत नाहीत. कलम ३७(१) ला धक्का लागत नाही.

मी कलम ४४एडी खाली विवरणपत्र भरतो. कॅलेंडरांचा खर्च वेगळा दाखवू का?

दाखवता येणार नाही. ४४एडी ही छोट्या धंद्यांना अंदाजे नफ्यावर कर भरू देणारी सोय आहे. तिच्यात उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतका नफा धरला जातो. उरलेल्या ९२ किंवा ९४ टक्क्यांत तुमचे सगळे खर्च आले, वाटलेल्या पिशव्यासुद्धा. ही सोय २ कोटींच्या उलाढालीपर्यंत आहे. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत.

रविवार कारंजाच्या आसपासचे कित्येक दुकानदार याच कलमाखाली येतात आणि तरीही सीएकडे भेटवस्तूंची बिले घेऊन जातात. खरा नफा ६-८ टक्क्यांहून कमी असेल तर ४४एडी सोडता येते. मात्र एकदा सोडल्यावर पुढची पाच वर्षे त्यात परत येता येत नाही. त्या काळात करपात्र मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असेल तर वह्या ठेवून लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. केवळ पिशव्या-कॅलेंडरांच्या खर्चासाठी हा निर्णय घेऊ नका. जीएसटीच्या दृष्टीने मात्र बिले जपायचीच आहेत. ते पुढे सांगितले आहे.

दिवाळीला मिठाईचे पन्नास बॉक्स घेतले. त्यातले बारा नातेवाइकांकडे गेले. सगळे खर्ची टाकू का?

अडतीस टाका. बारा बॉक्स ही मालकाची उचल आहे, ती भांडवल खात्याला नावे टाका. यात लाजण्यासारखे काही नाही, घरच्यांना मिठाई द्यायलाच हवी. पण जिथे सगळेच्या सगळे बॉक्स धंद्याचे दाखवलेले असतात, तिथे अधिकाऱ्याचा पूर्ण खर्चावर संशय बसतो. मग अडतीस खऱ्या बॉक्सांसाठीही झगडावे लागते. थोडी उचल प्रामाणिकपणे दाखवलेली वही जास्त विश्वासाची वाटते.

आपले मेव्हणे आपले पुरवठादारही आहेत, असे आपल्याकडे पुष्कळ असते. तिथे व्यवहाराकडे पाहा. वर्षभर त्यांच्याकडून माल येतो आणि इतर पुरवठादारांनाही तसाच बॉक्स गेला आहे, तर तो धंद्याचा.

कामगारांना दिलेला दिवाळीचा बॉक्स हा कर्मचारी कल्याणाचा खर्च आहे. तो वजा होतो, फक्त जाहिरात खात्यात न टाकता वेगळा दाखवा.

माझ्याच दुकानातला चिवडा नमुना म्हणून वाटला. तो विक्रीच्या भावाने खर्ची टाकू?

टाकू नका. विक्रीच्या भावात तुमचा नफा आहे आणि तो नफा तुम्ही कमावलेलाच नाही. त्याची किंमत म्हणजे पोहे, तेल, मसाला, पाकीट आणि मजुरी, इतकीच.

इथे दुसरा खड्डा आहे. पोहे आणि तेलाची खरेदी आधीच खरेदी खात्यात गेलेली असते. वाटलेला माल शिलकेत नसल्यामुळे त्याचा खर्च आपोआप नफ्यातून कमी झालेला असतो. त्यावर पुन्हा ‘नमुने वाटप’ म्हणून रक्कम नावे टाकली तर एकच खर्च दोनदा वजा होतो. वेगळा दाखवायचाच असेल तर जाहिरात खाते नावे आणि खरेदी खाते जमा अशी नोंद करा. गंगापूर रोडला नवे मिसळीचे हॉटेल उघडताना पहिल्या दिवशी मोफत मिसळ खिलवली, तरी हिशेब हाच. स्वतः मालकाने पहाटेपासून राबून तर्री केली, त्या कष्टाची किंमत मात्र कुठल्याच खात्यात टाकता येत नाही.

भांडी बाजारातून रोखीने डबे घेतले. अडचण आहे का?

एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली, तर कलम ४०ए(३) प्रमाणे तो खर्च अमान्य होतो. केवळ दहा हजारांवरचा भाग जात नाही, पूर्ण रक्कम जाते. १८,००० चे डबे घेऊन नऊ-नऊ हजारांची दोन बिले त्याच दिवशी केली तरी एकत्र बेरीज धरली जाते. यूपीआय, एनईएफटी किंवा खात्यात जमा होणारा रेखांकित धनादेश वापरा. खर्च खरा असून, बिल असून, वस्तू वाटूनही फक्त पैसे रोख दिले म्हणून वजावट गमावणे हे सगळ्यांत टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

छापखान्याचे बिल मार्चअखेर थकले आहे. खर्च तर झाला ना?

छापखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम (केंद्र सरकारची छोट्या उद्योगांची नोंदणी) खाली नोंदलेला असेल, तर कलम ४३बी(एच) लक्षात घ्या. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर त्यातल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. ती मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही रक्कम बाकी असेल, तर त्या वर्षी वजावट नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. ही तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणारा व्यापारी तिच्यात येत नाही. सातपूर-अंबडचे पुष्कळ छोटे छपाईवाले मात्र येतात, म्हणून बिलावर उद्यम क्रमांक आहे का ते पाहून घ्या.

भेटवस्तू घेताना भरलेल्या जीएसटीचे काय?

बहुतेक चुका इथे होतात, कारण आयकर आणि जीएसटी या बाबतीत वेगळ्या वाटेने जातात. आयकरात भेटीचा खर्च मान्य आहे. जीएसटीत मात्र केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम २०१७ चे कलम १७(५)(एच) सांगते की भेट म्हणून किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या वस्तूंवर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे तो विक्रीवरच्या करातून वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही.

समजा ६०,००० रुपयांच्या कापडी पिशव्या घेतल्या आणि त्यावर ५ टक्क्यांनी ३,००० रुपये जीएसटी लागला. हे ३,००० आयटीसी (इनपुट टॅक्स क्रेडिट) म्हणून घेता येत नाहीत. पण ते बुडाले असेही नाही. क्रेडिट न मिळालेला कर वस्तूच्या खर्चाचाच भाग होतो, म्हणून आयकरात ६३,००० रुपये खर्ची पडतात. बिल जीएसटी पोर्टलवर आपोआप दिसते म्हणून हिशेबनीस सवयीने सगळे क्रेडिट उचलतो. तसे झाले असेल तर जीएसटीआर-३बी या विवरणपत्राच्या तक्ता ४(बी)(१) मध्ये ते उलटवा. आणि ३,००० क्रेडिटमध्ये घेतले असतील तर तेच पुन्हा आयकरात खर्च दाखवू नका.

तुमच्याच दुकानातला विक्रीचा माल नमुना म्हणून गेला, तर त्या मालावर घेतलेले क्रेडिटही तेवढ्या प्रमाणात उलटवावे लागते. कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठराविक दराने कर भरण्याच्या योजनेतल्या) दुकानदाराला मुळात क्रेडिटच नसते, त्यामुळे त्याच्यासाठी हा प्रश्न उरत नाही. त्याचा सगळा जीएसटी खर्चातच जातो.

लेखी योजनेत ठरवून, ठराविक खरेदीच्या बदल्यात दिलेली वस्तू ‘भेट’ ठरते का, यावर वाद झालेले आहेत. मोठ्या कंपन्या ते लढवू शकतात. छोट्या व्यावसायिकाने क्रेडिट सोडून खर्चात टाकणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. काही हजारांसाठी वर्षानुवर्षे तारखा घालणे परवडत नाही.

‘एक किलोवर शंभर ग्रॅम मोफत’ ही भेट आहे का?

नाही. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रक क्रमांक ९२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. एकावर एक मोफत म्हणजे दोन वस्तू एका किमतीला विकणे, त्यात फुकट काही नाही. म्हणून इथे क्रेडिट मिळते. बिलावर मात्र दोन्ही वस्तू लिहा. मोफत गेलेले पाकीट बिलावर नसेल तर माल कमी कसा झाला हे नंतर सांगता येत नाही. वाटप करायचे की विक्रीशी जोडलेली योजना करायची, हे ठरवण्याची मोकळीक असेल तर दुसरा मार्ग करदृष्ट्या बरा.

माझ्याकडून माल उचलणाऱ्या दुकानदारांना वर्षअखेर भेट देतो. टीडीएस कापावा लागतो म्हणतात, ते खरे का?

खरे आहे. टीडीएस म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झाले. समोरच्या माणसाला त्याच्या धंद्यामुळे किंवा व्यवसायामुळे तुमच्याकडून वस्तुरूपाने लाभ मिळत असेल आणि एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला दिलेल्या अशा लाभांची बेरीज २०,००० रुपयांहून जास्त होत असेल, तर १० टक्के टीडीएस. मर्यादा ओलांडली की पूर्ण रकमेवर.

‘धंद्यामुळे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साडी घ्यायला आलेल्या ताईंना दिलेली पर्स यात येत नाही, त्या घरासाठी खरेदी करतात. सातपूरच्या रंगांच्या घाऊक व्यापाऱ्याने ठराविक माल उचलणाऱ्या किरकोळ दुकानदाराला टीव्ही दिला, तर तो येतो. टीव्हीतून १० टक्के कापून घेता येत नाहीत, म्हणून कायदा म्हणतो की टीव्ही हातात देण्याआधी कर भरला गेला आहे याची खात्री करा. एक तर समोरच्याने आगाऊ कर भरून तसे लिहून द्यावे, नाहीतर तुम्ही स्वतः भरावा. स्वतः भरला तर तो करही लाभ धरला जातो. ४५,००० चा टीव्ही असेल तर लाभ ५०,००० आणि कर ५,००० असा हिशेब येतो.

सूट कोणाला? मागील आर्थिक वर्षात धंद्याची उलाढाल १ कोटीच्या आत, किंवा व्यवसायाची जमा ५० लाखांच्या आत असलेल्या व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. भागीदारी संस्थेला ही सूट नाही. दोन भावांची छोटी फर्म असली तरी कलम लागते, आणि नेमके हेच ठाऊक नसते.

बिलातच दिलेली सूट, रोख पैसे दिल्याबद्दलची कपात आणि दहा नगांवर दोन नग मोफत अशा योजना यातून वगळल्या आहेत. मोफत नमुने मात्र वगळलेले नाहीत. हे १६ जून २०२२ च्या परिपत्रक क्रमांक १२ मध्ये आहे. वस्तू विकत आणून दिली असेल तर तिची खरेदी किंमत धरायची आणि जीएसटी सोडून मोजायची.

माझे पिंपळगावला कृषी सेवा केंद्र आहे. औषध कंपनीने मला सहल दिली. माझा काय संबंध?

सहलीची किंमत हे तुमचे धंद्याचे उत्पन्न आहे, कलम २८(४) प्रमाणे. कंपनीने १९४आर खाली टीडीएस भरला की ती रक्कम तुमच्या २६एएस (तुमच्या नावावर भरलेल्या कराचा उतारा) मध्ये आणि वार्षिक माहिती विवरणात दिसते. टीडीएसचे क्रेडिट घेऊन उत्पन्न न दाखवणे म्हणजे नोटिशीला आमंत्रण. छाटणीच्या हंगामात दुकानातून डोके वर काढायला फुरसत नसते, पण विवरणपत्र भरण्याआधी हे विवरण एकदा सीएसोबत डोळ्यांखालून घाला. ४४एडी मधले दुकानदारही यातून सुटत नाहीत.

दसऱ्याला लकी ड्रॉ ठेवून स्कूटर द्यायची आहे.

स्कूटरची किंमत जाहिरात खर्च म्हणून वजा होते. पण सोडतीच्या बक्षिसावर कलम १९४बी प्रमाणे १०,००० रुपयांच्या वर ३० टक्के टीडीएस आहे, आणि वस्तुरूप बक्षीस असेल तर कर भरल्याशिवाय ते हातात द्यायचे नाही. विजेत्याला आधीच सांगा, नाहीतर स्टेजवर आनंद आणि दुसऱ्या दिवशी वाद होतो. शिवाय विक्री वाढवण्यासाठी सोडत ठेवण्याबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत तरतूद आहे. पत्रके छापण्याआधी वकिलाला दाखवा. माझ्या मते छोट्या दुकानाने सोडतीच्या फंदात न पडता प्रत्येक खरेदीवर छोटी भेट द्यावी. गिऱ्हाईकही खूश, कागदपत्रेही सोपी.

गणेश मंडळाची वर्गणी आणि कुंभमेळ्यातली पाणपोई जाहिरातीत धरू का?

मंडळाने निव्वळ पावती फाडली असेल तर ती वर्गणी आहे, जाहिरात नाही. बहुतेक मंडळांना ८०जी ची मान्यता नसते, त्यामुळे तिकडूनही वजावट नाही. ज्या संस्थेला मान्यता आहे तिथेही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ८०जी मिळतच नाही.

पण मंडळाच्या कमानीवर तुमच्या दुकानाची जाहिरात लागणार असेल, तर तो जाहिरात खर्च आहे. मंडळाकडून ‘कमानीवरील जाहिरातीपोटी’ असे लिहिलेली पावती घ्या, जाहिरातीचे माप आणि दिवस लिहून घ्या, उभ्या कमानीचा फोटो काढा. नवरात्राचा मंडप, शाळेची स्मरणिका, गल्लीतल्या क्रिकेट सामन्यांचे टीशर्ट, सगळीकडे हीच पद्धत. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली किंवा पत्रकातली जाहिरात मात्र कलम ३७(२बी) प्रमाणे कधीच वजा होत नाही, कितीही मोठी पावती आणली तरी.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या अनेक दुकानदारांच्या मनात भाविकांना पाणी, टोप्या किंवा नकाशे वाटायचे आहे. दुकानाच्या नावाने, दुकानाची ओळख वाढावी म्हणून वाटलेत तर कलम ३७(१). आईवडिलांच्या स्मरणार्थ, पुण्य म्हणून वाटलेत तर ते तुमचे खासगी दान. दोन्ही चांगलेच आहे. वहीत मात्र जे खरे आहे ते लिहा. पाणपोईवर दुकानाचा फलक असेल, टोपीवर नाव असेल तर प्रश्न राहत नाही.

महापालिकेच्या परवानगीशिवाय फलक लावून दंड झाला, तर तो दंड खर्ची पडत नाही. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. कायद्याने मना केलेल्या गोष्टीवरचा खर्च कलम ३७(१) च्या पहिल्या स्पष्टीकरणाने अमान्य होऊ शकतो. कापडी पिशवी वाटा. ती गोदेलाही बरी.

डॉक्टरांना किंवा सरकारी अधिकाऱ्यांना दिलेल्या भेटी?

नाही. औषध कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च मान्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात सांगितले. डॉक्टरांच्या आचारसंहितेला अशा भेटी मंजूर नाहीत, त्यामुळे देणाऱ्यालाही वजावट नाही. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने कायद्यातही तसे स्पष्टीकरण घातले. औषध वितरक, लॅबचालक, शस्त्रक्रियेचे साहित्य विकणारे, सगळ्यांनी हे लक्षात ठेवावे. अधिकाऱ्याला दिवाळीनिमित्त दिलेली चांदीची लक्ष्मी ही तर वजावटीच्या पलीकडची गोष्ट आहे. ती देऊच नका.

रील करणाऱ्यांना पैठणी दिली. खर्च मिळेल का?

मिळेल. पैठणी त्यांनी ठेवून घेतली तर तो १९४आर चा लाभ आहे आणि २०,००० ची मर्यादा, १ कोटीची सूट सगळे वर सांगितल्याप्रमाणे. रील झाल्यावर परत केली तर लाभ नाही. काय ठरले ते साध्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात का होईना, लिहून ठेवा आणि रीलची लिंक जपा.

दुकानदारांना आमच्या नावाचा फ्रीज ठेवायला देतो.

मालकी तुमचीच राहत असेल तर तो वाटप खर्च नाही, तुमची मालमत्ता आहे. त्यावर घसारा (वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट) घ्या.

नेमकी कोणती नोंद ठेवायची?

फार काही लागत नाही, पण त्याच दिवशी लागते. बिल फर्मच्या नावाने असावे आणि त्यावर जीएसटी क्रमांक असावा. घरच्या नावाने आलेले बिल नंतर फार त्रास देते. बिल आले की त्याच्या मागे पेनाने लिहा: कशासाठी घेतले, कोणाला द्यायचे. दीडशे रुपयांची पिशवी चारशे गिऱ्हाइकांना दिली तर चारशे नावांची यादी कोणी मागत नाही. वाटपाची तारीख, सुरुवातीचे आणि उरलेले नग आणि दुकानातल्या वाटपाचा एखादा फोटो पुरतो. वस्तू जसजशी महाग तसतशी नोंद बारीक हवी. हजार रुपयांच्या वर गेलात तर नाव लिहा. डीलरला दिलेल्या प्रत्येक भेटीला नाव, पॅन, तारीख आणि किंमत हवीच, नाहीतर २०,००० ची मर्यादा ओलांडली की नाही हे कळणारच नाही. वाटलेल्या वस्तूंपैकी एक नग फाइलसोबत ठेवा.

३१ मार्चला उरलेले नग मोजा. गुढीपाडव्याला वाटायच्या म्हणून मार्चमध्ये आणलेल्या पाचशे बाटल्या तशाच पडून असतील तर त्या शिल्लक म्हणून दाखवणे योग्य. त्यांचा खर्च पुढच्या वर्षी.

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात पांढरे पडते, त्याचा फोटो काढून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला. हे सगळे बदलले का?

आयकर अधिनियम २०२५ मध्ये भाषा सोपी झाली, कलमांचे क्रमांक बदलले आणि टीडीएसच्या तरतुदी बहुतांशी कलम ३९३ खाली एकत्र आल्या. धंद्यासाठीच केलेला, भांडवली आणि खासगी नसलेला खर्च वजा होतो, हे तत्त्व कायम आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो. बाजारात आणि सीएच्या कार्यालयात लोक अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून इथे तेच वापरले आहेत.

छाननीची नोटीस आली आणि भेटवस्तूंचा तपशील मागितला. यादी तर ठेवलेली नाही. आता तयार करू का?

मागच्या तारखेची खोटी यादी करू नका, कोणीही सुचवले तरी. खोट्या नोंदी किंवा बनावट कागद सापडले तर कलम २७१एएडी खाली त्या रकमेइतका दंड होऊ शकतो, आणि उत्पन्न चुकीचे दाखवल्याचा कलम २७०ए चा दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. चाळीस हजारांच्या पिशव्यांसाठी हे ओढवून घेण्यात काय अर्थ आहे?

त्याऐवजी जे खरे उपलब्ध आहे ते गोळा करा. पुरवठादाराचे बिल आणि बँकेचा उतारा, छापखान्याला पाठवलेला मजकूर, मोबाइलमध्ये राहिलेले दुकानाचे फोटो, गिऱ्हाइकांना गेलेले योजनेचे संदेश, त्या महिन्यातली विक्री. मागच्या वर्षांतही असाच खर्च झालेला असेल तर तेही दाखवा. उत्तर ई-फायलिंग पोर्टलवर मुदतीच्या आत द्या, वेळ कमी पडत असेल तर मुदतवाढ मागा. जो भाग सिद्ध होत नाही तो स्वतःहून सोडून द्या आणि उरलेल्यासाठी नीट लिहून मागणी करा.